कुलूपबंद कपाट आणि १८४८ साल

परवा शनिवारी ताईकडे गेलो होतो. घरात विषय एकच : भाचीला शाळा कुठली? मराठी की इंग्रजी? आई एका बाजूला, भावजी दुसऱ्या बाजूला आणि मी (इंजिनियर असल्यामुळे सर्वज्ञ समजला जाणारा मामा) मधे. काहीतरी पुटपुटून सुटका करून घेतली, पण विषय डोक्यातून जाईना. रविवारी इतिहासाची पुस्तकं काढून बसलो आणि लक्षात आलं, हे भांडण पावणेदोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलंय!

१८४७ साली मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळात हा वाद पेटला होता. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा ओढा इंग्रजीकडे. जॉर्ज जर्व्हिस आणि आपले नाना शंकरशेट यांचं म्हणणं, की विद्या सगळ्या लोकांपर्यंत न्यायची तर ती त्यांच्याच भाषेतून गेली पाहिजे. मंडळात सरळ दोन तट पडले.

पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, पुण्यात दोन गोष्टी घडल्या. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' सुरू झाली, म्हणजेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. एकाच गावात, एकाच वर्षी शाळा आणि ग्रंथालय! पण शाळा लहान मुलींची आणि ग्रंथालय शिकल्यासवरल्या मोठ्या माणसांचं. दोघांची गाठ काही पडली नाही. माझ्या मते आपली खरी चूक इथे आहे. भाषेवर आपण तावातावाने भांडलो, पण अक्षरओळख झाल्यावर मुलांनी वाचायचं काय, हा प्रश्न मागेच राहिला.

फुल्यांच्या मात्र ते नजरेतून सुटलं नव्हतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं, मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता आलं पाहिजे असं सांगितलं, आणि शाळेतली पुस्तकं व्यवहाराला उपयोगी नाहीत, ती नव्याने करा, हेही सांगितलं.

शाळा आणि पुस्तकांची गाठ घालून दाखवली ती बडोद्यात, सयाजीराव गायकवाडांनी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक गेला, तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच माणसाने १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयं उभी केली. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. हिशोब साधा होता : शाळेत शिकलेलं वाचन पुस्तकं मिळाली नाहीत तर विसरलं जातं.

आता माझी गोष्ट. मी मराठी शाळेत शिकलो. शाळेत पुस्तकांचं एक लोखंडी कपाट होतं आणि त्याला कुलूप होतं. पुस्तकं फाटतील म्हणून ते तपासणीच्या दिवशीच उघडायचं! मला वाचनाची गोडी लागली ती घरी येणाऱ्या 'किशोर'मुळे. (आपल्या पुण्यातल्या बालभारतीचं मासिक, १९७१ पासूनचं.) माझ्या बाकावरच्या मित्राकडे 'किशोर' येत नव्हता. तो माझ्यापेक्षा हुशार होता, पण धडा मोठ्याने वाचताना दहावीतही अडखळायचा. हे मला अजून टोचतं.

आता कायद्यातही दोन्ही गोष्टी आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्यतो मातृभाषेतून शिक्षण द्या असं म्हटलंय आणि प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं असलेलं ग्रंथालय हवं असंही. म्हणजे कपाट घेणं सक्तीचं झालं. ते उघडणं मात्र अजून माणसांवरच आहे.

भिडे वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, राष्ट्रीय स्मारकासाठी. स्मारक व्हायलाच हवं. पण त्या दोघांचं खरं स्मारक म्हणजे पुस्तक हातात घेऊन घरी निघालेली पोर, असं मला वाटतं.

काल रात्री ताईला फोन केला. म्हटलं, मराठी शाळेतच घाल. पण प्रवेश घेण्याआधी विचार, की पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?

ताई म्हणाली, "आणि कपाट बंदच असलं तर?"

तर दर शनिवारी पुस्तकांची पेटी घेऊन मामा येईल. सुरुवात पुढच्या शनिवारपासून.