गॅस सिलिंडरवरील ओळखखुणांचा इतिहास : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

यवतमाळ जिल्ह्याचा आर्थिक इतिहास प्रामुख्याने कापसाच्या अनुषंगाने मांडला जातो. जमीनमहसूल, जिनिंग-प्रेसिंग, बाजारपेठ व रेल्वे हे त्या मांडणीचे प्रमुख घटक होत. मालावर किंवा यंत्राच्या भागावर उमटवल्या जाणाऱ्या ओळखखुणेकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. वास्तविक पाहता खूण ही केवळ तांत्रिक बाब नसून ती जबाबदारीची नोंद असते. वस्तू कोणी बनवली, कोणी तपासली आणि दोष निघाल्यास कोणाला विचारावयाचे, याचे उत्तर खूणच देते. प्रस्तुत लेखात तेल व वायू उद्योगातील खुणांचा, विशेषतः स्वयंपाकाच्या गॅस सिलिंडरवरील खुणांचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला असून ही खूण कोणासाठी लिहिली गेली, या प्रश्नाचा विचार केला आहे.

१. पूर्वपीठिका : गाठ आणि बॉयलर

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात हिंदी कापसाची मागणी वाढली आणि त्याबरोबर भेसळही वाढली. तिला आळा घालण्यासाठी मुंबई इलाख्यात १८६३ चा कापूस भेसळविरोधी कायदा झाला. वऱ्हाडात १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. पुढे १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याची ठरवून दिलेली खूण आणि अनुक्रमांक उमटवणे बंधनकारक केले. गाठ कारखान्याच्या आवाराबाहेर जाण्यापूर्वीच ही खूण उमटली पाहिजे, अशी तरतूद होती. त्यामुळे दूरच्या गिरणीत गाठ फोडल्यावर दगड किंवा ओला कापूस निघाला, तर ती कोणत्या प्रेसमधून आली हे सांगता येऊ लागले. मात्र या खुणेत शेतकऱ्याला स्थान नव्हते. जिनिंगमध्ये अनेकांचा कापूस एकत्र होताच त्याची स्वतंत्र ओळख पुसली जात असे. खूण खरेदीदाराच्या रक्षणासाठी होती.

बॉयलरवरील क्रमांकाचा हेतू वेगळा होता. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्यानुसार प्रत्येक बॉयलरवर नोंदणी क्रमांक कायमस्वरूपी उमटवावा लागे. तो क्रमांक खरेदीदारासाठी नसून निरीक्षकासाठी होता आणि त्यामागे स्फोटाचे भय होते. येथे खुणेचा संबंध प्रथमच मालाच्या प्रतीऐवजी माणसाच्या जिवाशी जोडला गेला.

२. फिरत्या भांड्याचा प्रश्न

बॉयलर एका जागी असतो. त्याचा मालक, जागा व निरीक्षक ठरलेले असतात. गॅस सिलिंडर मात्र कारखान्यातून वितरकाकडे, तेथून घरी आणि पुन्हा भरणा केंद्राकडे असा अखंड फिरत राहतो. तो कायम कोणाच्याच ताब्यात नसतो. म्हणून त्याचा इतिहास कार्यालयातील वहीत ठेवून भागत नाही. तो त्याच्या अंगावरच लिहावा लागतो.

स्फोटक पदार्थांविषयीचा मूळ कायदा १८८४ चा. त्याआधारे १९३८ मध्ये धातूच्या भांड्यात दाबाखाली भरलेल्या वायूला स्फोटकाचा दर्जा देण्यात आला आणि १९४० मध्ये गॅस सिलिंडर नियम अस्तित्वात आले. त्यांची जागा पुढे १९८१, २००४ व २०१६ च्या नियमांनी घेतली. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या व १८९८ मध्ये स्थापन झालेल्या स्फोटक विभागाचे, म्हणजेच आजच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. यवतमाळच्या स्वयंपाकघरातील सिलिंडरवर काय लिहिले जावे, याचे नियमन विदर्भातूनच होते, ही बाब उल्लेखनीय आहे.

३. खूण उमटवण्याचे तंत्र

रंगाने लिहिलेली खूण घासून जाते. म्हणून पोलादी पंच व हातोडा ही या क्षेत्रातील जुनी साधने होत. परंतु पंचाच्या तीक्ष्ण धारेने पत्र्यावर खाच पडते, त्या खाचेच्या तळाशी ताण एकवटतो आणि दाब वारंवार चढत-उतरत राहिल्यास तेथून तडा जाण्याचा धोका असतो. भांड्याच्या सुरक्षिततेसाठी केलेली खूणच त्याला दुबळे करू शकते, असा हा पेच होता.

नियमांनी त्यावर उपाय योजला. ठोकून अथवा कोरून करावयाच्या खुणा सिलिंडरच्या जाड केलेल्या खांद्यावर किंवा सिलिंडरला कायम जोडलेल्या, पण वायूच्या दाबाचा ताण न येणाऱ्या भागावर असाव्यात, असे ठरले. स्वयंपाकाच्या सिलिंडरचे वरचे कडे, त्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्या व तळाचे कडे हे असे भाग होत. निर्मात्याची खूण, अनुक्रमांक, चाचणीची तारीख, रिकाम्या सिलिंडरचे वजन व पाण्याची धारणक्षमता यांसारखा तपशील त्यात येतो. नंतरच्या चाचण्यांच्या तारखांसाठीही जागा राखावी लागते.

तेलविहिरींच्या क्षेत्रातही हाच पेच होता. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट १९१९ मध्ये स्थापन झाली आणि १९२४ पासून तिने प्रमाणित साहित्यावर आपली मुद्रा उमटवण्याची पद्धत सुरू केली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. अशा क्षेत्रात नळी, झडप व फ्लँज यांवरील क्रमांकावरून त्या पोलादाच्या मूळ वितळणीपर्यंत मागोवा घेता आला पाहिजे, अशी अपेक्षा असते. हायड्रोजन सल्फाइडयुक्त वायूत पोलादाला तडे जाण्याचा धोका अधिक असल्याने १९७५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या व पुढे विस्तारत गेलेल्या नेस संस्थेच्या मानकाने जास्त ताणाच्या जागी तीक्ष्ण धारेच्या पंचावर मर्यादा घातली. गोलसर ठिपक्यांची खूण त्याने स्वीकारली. हवेच्या दाबावर चालणारी ठिपकायंत्रे व लेसर यांचा प्रसार हा याच गरजेचा पुढचा टप्पा होय.

४. कारखान्यातून चुलीपर्यंत

मुंबईत १९५५ मध्ये बर्मा-शेल कंपनीने ‘बर्शेन’ या नावाने स्वयंपाकाचा गॅस आणला. १९६५ मध्ये कोलकाता येथे ‘इंडेन’ची पहिली जोडणी झाली. एस्सो व बर्मा-शेल यांच्या राष्ट्रीयीकरणानंतर हे वितरण सार्वजनिक कंपन्यांकडे आले. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण भागातील गरीब घरांपर्यंत सिलिंडर पोहोचला.

आता खुणेचा वाचक बदलला. उभ्या पट्टीच्या आतील बाजूस चाचणीची मुदत संकेताने लिहिलेली असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर व डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘सी-२७’ याचा अर्थ चाचणीची मुदत सप्टेंबर २०२७ अखेर संपते. तसेच रिकाम्या सिलिंडरचे वजन एकूण वजनातून वजा केल्यास घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस आहे किंवा नाही, हे ताडता येते. ‘मापात पाप’ म्हणजे काय, हे कापसाच्या काट्यावर अनुभवलेल्या जिल्ह्याला या आकड्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

परंतु ही खूण रोमन अक्षरांत असते. मराठीबरोबरच कोलामी, गोंडी, बंजारा व तेलुगू बोलणाऱ्या कुटुंबांच्या या जिल्ह्यात ती वाचता येणे गृहीत धरता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सिलिंडरवर क्यूआर संकेत लावण्याचा उपक्रम केंद्रीय पेट्रोलियम मंत्र्यांनी जाहीर केला. त्यामुळे सिलिंडरचा मागोवा घेणे सोपे होणार असले, तरी तो संकेत यंत्राविना वाचता येत नाही, ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, गाठीवरील खूण खरेदीदारासाठी, बॉयलरवरील क्रमांक निरीक्षकासाठी आणि तेलनळीवरील मुद्रा अभियंत्यासाठी होती. सिलिंडरवरील खूण मात्र जिच्या घरात तो ठेवला जातो त्या गृहिणीपर्यंत पोहोचली, पण तिची लिपी निरीक्षकाचीच राहिली. खूण कोठे ठोकावी म्हणजे पोलाद दुबळे होणार नाही, हा प्रश्न तंत्रज्ञांनी बऱ्याच अंशी सोडवला आहे. ती कशी लिहावी म्हणजे धोका पत्करणाऱ्यालाच वाचता येईल, हा प्रश्न अद्याप शिल्लक आहे. चार अक्षरे आणि एक वजाबाकी एवढेच ज्ञान त्यासाठी पुरेसे असल्याने महाविद्यालयांच्या विस्तारकार्यातून ते गावोगावी नेणे सहज शक्य आहे.