बंबाची गादी

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं गाव. अशा गावात अंघोळीचं पाणी तापवण्याचं काम एखाद्या फडतूस पातेल्याकडे कसं असणार? ते पिढ्यान् पिढ्या बंबाकडे होतं. पोटात जाळ, भोवती पाणी, डोक्यावर धुराडं आणि चिंचेनं घासून आलेली लकाकी! पाहुण्याची नजर आधी बंबावर जायची, मग यजमानावर.

बंबाचा व्यवहार रोखीचा. मधल्या नळीत गोवऱ्या-ढलप्या पेटवायच्या. आमच्या बंबात वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं, की तोटीतून तांब्याभर कढत पाणी बाहेर. आधी द्या, मग घ्या! रशियातला समोवार हा त्याचा चुलतभाऊच म्हणायचा. फक्त तो चहाच्या नादी लागला. आमचा अंघोळीपुरता सोवळा राहिला.

या गादीला वारस निघाला तो मात्र साहेबाच्या देशात. 1868 साली लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थानं गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि आइसलँडमधल्या उसळत्या झऱ्यावरून त्याला ‘गीझर’ म्हटलं. नाव झोकदार, पण यंत्राला धुराडंच नव्हतं! पुढे 1889 मध्ये पिट्सबर्गला एडविन रूड यांनी आपोआप चालणारा हीटर केला. आपल्याकडे सिलिंडरचा गॅस 1955 साली मुंबईत आला, आणि मग हळूहळू गावोगावच्या चुली बसल्या.

आमच्या घरी गॅसचा गीझर आला तेव्हा नळवाले भाऊ म्हणाले, “तीन तोंडं आहेत साहेब. एकातून थंडं पानी आत, दुसऱ्यातून गरम बाहेर, तिसरं गॅसचं. पन पान्याले जोर नसन, त गॅस पेटत नाही.”

हे मला फार आवडलं. आत एक रबरी पडदा असतो. वाहत्या पाण्यानं तो रेटला, की गॅसचा दट्ट्या उघडतो आणि ठिणगी पडते. पाणी थांबलं की आग बंद. अग्नीनं वरुणाची परवानगी घ्यायची, असा हा कारभार. टाकी ठेंगणी असली, तर वरुणराजा सही करत नाही.

भाऊंनी न्हाणीघरातच भिंतीवर खुणा केल्या. तेवढ्यात चाळीस वर्षं बंब पेटवलेल्या आमच्या काकू आल्या.

“धूर कुठून जाईल रे?”

“काकू, याले धूरच नाही.”

“जाळ आहे आणि धूर नाही? दिसत नसेल!”

काकूंनी रसायनशास्त्र कधी वाचलं नव्हतं. पण त्यांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. बंद खोलीत हवा पुरेनाशी झाली, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घाण वास लावलेला असतो. याला ना वास, ना रंग. बंबाचा धूर डोळ्यांत पाणी आणून सावध करायचा. हा खोकूही देत नाही; माणसाला गुंगी येते आणि कडी आतून लावलेली असते. अशानं न्हाणीघरात माणसं दगावली आहेत.

गीझर मागच्या उघड्या पडवीत लागला. भाऊंनी गॅसच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहिलं. भिंतीतून आत गेली ती एकटी गरम पाण्याची नळी.

“आता कसं!” म्हणून काकू बंबाला चिंच लावायला बसल्या. दिवाळीच्या अभ्यंगाचं पाणी आमच्याकडे अजून त्यातच तापतं.