बर्ड फ्लू : वाशिमच्या कोंबड्यांपासून समुद्रातल्या डॉल्फिनपर्यंत

फेब्रुवारी २०२५ मध्ये वाशिम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातील खेर्डा गावच्या एका पोल्ट्री फार्ममध्ये काही दिवसांतच सहा हजारांहून अधिक कोंबड्या दगावल्या. तपासणीत कारण निघाले बर्ड फ्लू. त्याच्या दोन महिने आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला होता. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्यांच्या नमुन्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचे सांगितले. मग प्रश्न पडतो, पक्ष्यांचा आजार वाघापर्यंत पोहोचला कसा?

हा विषाणू आला कुठून?

एच५एन१ चा आजचा प्रकार १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील हंसांमध्ये पहिल्यांदा सापडला. भारतात पहिली लागण फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाली. रानबदकांसारखे पाणपक्षी आजारी न दिसताही हा विषाणू बाळगू शकतात. त्यांच्या विष्ठेतून तो पाण्यात आणि जमिनीवर पडतो. तिथून कोंबड्यांना लागण झाली, की कळपच्या कळप संपतो.

सस्तन प्राण्यांना तो कसा होतो?

मुख्य वाट म्हणजे खाणे. आजारी किंवा मेलेला पक्षी खाल्ला, की विषाणू थेट शरीरात जातो. थायलंडमधील एका व्याघ्र प्राणिसंग्रहालयात २००४ मध्ये कच्चे कोंबडीचे मांस खाल्लेल्या वाघांमध्ये साथ पसरली. तिथे १४७ वाघ मेले किंवा त्यांना मारावे लागले. गोरेवाड्यातही संशय खाद्यावरच गेला.

आणि डॉल्फिन?

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर एक डॉल्फिन मेलेला आढळला. त्याच्या मेंदूत हाच विषाणू होता. त्याच वर्षी स्वीडनमध्ये डॉल्फिनचा नातेवाईक असलेल्या पॉरपॉइज या प्राण्यातही तो सापडला. दक्षिण अमेरिकेत तर कहर झाला. २०२३ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर हजारो समुद्रसिंह मेले. अर्जेंटिनात हत्ती सीलची १७ हजारांहून अधिक पिल्ले गेली. विषाणू एका सस्तन प्राण्याकडून दुसऱ्याकडे जात असावा, ही शंका इथेच बळावली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गायींमध्येही तो आढळला.

आपल्याला किती धोका?

माणसाला लागण क्वचित होते, पण झाली तर गंभीर ठरू शकते. २००३ पासून जगभरात नोंद झालेल्या रुग्णांची संख्या ९०० हून अधिक आहे आणि त्यांपैकी सुमारे निम्मे दगावले. बहुतेकांचा आजारी पक्ष्यांशी जवळून संबंध आला होता. माणसाकडून माणसाकडे तो सहज पसरत नाही. मात्र विषाणू जितक्या नव्या प्राण्यांत शिरतो, तितकी त्याला बदलण्याची संधी मिळते. म्हणूनच दूरच्या समुद्रातला डॉल्फिनही शास्त्रज्ञांना महत्त्वाचा वाटतो.

चिकन खायचे की नाही?

बर्ड फ्लूची बातमी आली, की व्हॉट्सअॅपवर ‘चिकन खाऊ नका’ असे मेसेज फिरू लागतात आणि फार्ममध्ये रोग नसलेल्या शेतकऱ्याचाही माल पडून राहतो. खरे असे आहे, की ७० अंश सेल्सिअसला आतपर्यंत नीट शिजलेल्या मांसात आणि अंड्यांत विषाणू टिकत नाही. कच्चे मांस हाताळल्यावर हात धुवा. अर्धकच्ची अंडी टाळा.

मेलेले पक्षी दिसले तर?

- हात लावू नका. कुत्र्या-मांजरांना खाऊ देऊ नका.
- पक्षी नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका.
- जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा.

लागण पक्की झाल्यास १ किलोमीटरच्या परिसरातील कोंबड्या नष्ट केल्या जातात आणि १० किलोमीटरपर्यंत पाहणी होते. नुकसानभरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. त्यामुळे मरतूक लपवण्यात पोल्ट्रीवाल्याचाच तोटा आहे.