मावळची वाट आणि नऊ वारांचें लुगडें

कामशेतहून पवनानगराकडे जाणारी सडक डोंगरांच्या कुशींतून वळणें घेत जाते. वाटेंत बेडशाचीं लेणीं लागतात. पुढें पवनेचा जलाशय आणि त्याच्या सभोंवतीं लोहगड, तुंग, तिकोना हे किल्ले दिसूं लागतात. हा मुलूख भाताचा, कापसाचा नव्हे. येवलें किंवा इरकल यांच्यासारखी मागांची पेठहि येथें नाहीं. असें असतां वस्त्रांच्या इतिहासाचा विचार या खोऱ्यांतून आरंभावा, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु लुगड्याचा इतिहास जितका विणणाराचा, तितकाच नेसणारीचाहि आहे. विणणाराचा इतिहास पेठांतून सांपडतो, नेसणारीचा भाताच्या खाचरांतून. आणि पेठेंतला माल खाचरापर्यंत आणणारी एक फार जुनी वाट मावळांतूनच गेलेली आहे.

बेडशाच्या चैत्यगृहाच्या ओसरींत उंच खांबांच्या माथ्यावर हत्ती-घोड्यांवर आरूढ झालेलीं स्त्रीपुरुषांचीं युगुलें कोरलेलीं आहेत. त्यांचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीचें पहिलें शतक मानितात. त्यांतील स्त्रियांच्या कमरेला मेखलेनें आवळलेलें तलम वस्त्र आहे. अंगावर दागिन्यांची रेलचेल आहे. पदर मात्र नाहीं. नऊवारीचा उगम थेट या लेण्यांत दाखविणारे लेख वरचेवर वाचावयास मिळतात. त्यांत उत्साह पुष्कळ आणि पुरावा थोडा. कमरेचें वस्त्र पायांमधून मागें नेऊन खोवण्याची रीति फार प्राचीन आहे, यांत संशय नाहीं. परंतु एकाच अखंड वस्त्रानें कंबर, छाती आणि माथा झांकण्याची जी युक्ति नऊवारींत आहे, ती या शिल्पांत दिसत नाहीं. ती पुढच्या काळाची म्हटली पाहिजे.

लेण्यांतील मूर्तींपेक्षां लेण्यांतील लेख विणकरांविषयीं अधिक बोलतात. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें शेजारच्या कार्ल्याच्या भिक्षूंना करजिक नांवाचा गांव दान दिल्याचा लेख कार्ल्यास आहे. याच उषवदाताचा दुसरा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे, आणि तो तर एखाद्या सावकाराच्या वहीसारखा चोख आहे. त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेविले. पैकीं २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेंकडा एक या व्याजानें. १,००० दुसरीकडे, शेंकडा पाऊण या दरानें. पहिल्या ठेवीच्या व्याजांतून वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं द्यावयाचे. हिशेब करून पाहावा : दोन हजारांवर वर्षाचें व्याज दोनशें चाळीस, आणि वीस बारें दोनशें चाळीस. एक कार्षापणहि इकडचा तिकडे नाहीं. राजाच्या जांवयानें आपली ठेव विणकरांच्या हातीं निर्धास्तपणें सोंपवावी, आणि तीहि कायमची, यावरून त्या काळीं माग चालविणाऱ्यांची पत केवढी होती हें उघड होतें. पुढल्या शतकांतील विणकराच्या दैन्याच्या कथा ऐकतांना हा लेख आठवणींत असावा.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक माहितीपोथी लिहिली. ‘पेरिप्लस’ या नांवानें ती प्रसिद्ध आहे. तगर, म्हणजे आजचें तेर, येथून साधें कापड आणि मलमलीचे नाना प्रकार गाड्यांत घालून भडोचच्या बंदरास जात, असें तींत सांगितलें आहे. गंमत अशी कीं, पैठणहून येणारा माल म्हणून या लेखकानें वस्त्रांचें नांव घेतलें नाहीं; त्यानें नोंदले आहेत ते गोमेदासारखे रंगीत खडे. पैठणीला दोन हजार वर्षांचें वय बहाल करणाऱ्यांनीं ही ओळ एकवार वाचावी. तिच्यावरून पैठणास माग नव्हते असें सिद्ध होत नाहीं, हें खरें. पण तत्कालीन व्यापारांत कापडासाठीं नांव गाजत होतें तें तेरचें. याच देशावरच्या पेठांना कोंकणच्या बंदरांशीं जोडणारी एक वाट बोरघाटानें चढून मावळांत येई. कार्ल्याच्या दात्यांत यवनांचीं नांवें सांपडतात, तीं या वाटेमुळेंच.

आतां नेसणारीकडे वळूं. नऊ वार म्हणजे अठरा हात. एवढें लांब वस्त्र कशाला, असा प्रश्न शहरांत नेहमीं विचारला जातो. त्याचें उत्तर आवणीच्या दिवसांत खाचराच्या बांधावर उभें राहिल्यास आपोआप मिळतें. लुगड्याला परकराची गरज नाहीं. कमरेशीं एक गांठ, पुढें निऱ्या, निऱ्यांचा भाग पायांमधून मागें नेऊन घट्ट खोवला कीं कासोटा झाला; उरलेला पदर छातीवरून खांद्यावर व हवा तर डोक्यावर. घरंदाज शहरी स्त्री तेंच लुगडें घोट्यापर्यंत सोडी. मावळांतील राबणारी स्त्री तें गुडघ्याशीं आवरून घेई. गुडघाभर चिखलांत वांकून रोप लावतांना, डोक्यावर भारा घेऊन डोंगर उतरतांना, दोन्ही पाय मोकळे आणि दोन्ही हात मोकळे. कमरेशीं खोंचलेल्या ओच्यांत विळा, पानसुपारी, वेळीं शेंगाहि मावत. यांत कोठें टांका नाहीं, गुंडी नाहीं. ज्या स्त्रीला अक्षरओळख नव्हती तिच्या हातांना अठरा हात कापडाची ही मांडणी डोळे मिटून येत असे.

कष्टाला टिकणारीं म्हणून दक्षिणेकडील इरकलीं लुगडीं देशावर लोकप्रिय होतीं. इरकल हें आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यांत आहे. १९५६ पर्यंत तो प्रदेश विजापूर जिल्ह्यासह मुंबई राज्यांतच होता. या लुगड्याचें अंग सुती, गडद रंगाचें. कांठ आणि पदर रेशमी. खरी कारागिरी आहे ती अंग आणि पदर जेथें मिळतात तेथें. सुती ताण्याचा एकेक धागा पदराच्या रेशमी धाग्याच्या फांसांत अडकवून दोन्ही ताणे आधीं जोडावे लागतात. त्यामुळें लांबच लांब ताणा मागावर चढवून भराभर लुगडीं कापतां येत नाहींत. ज्याचा त्याचा ताणा वेगळा. याच्या जोडीला चोळीसाठीं गुळेदगुड्डचा खण. नागपूर-भंडाऱ्याकडील करवतकांठी साडीची गोष्ट निराळी : तिचें अंग टसराचें व कांठावर करवतीच्या दात्यांची नक्षी.

पैठणी मात्र खाचरांतली नव्हे, ती लग्नमंडपांतली. तिच्या पदरांत रंगीत बाणा एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत धांवत नाहीं. आपल्या नक्षीच्या कडेपर्यंत जातो, शेजारच्या धाग्याला कवटाळतो आणि परत फिरतो. प्रत्येक रंगाची कांडी स्वतंत्र. म्हणून पदराची उलट बाजूहि सुलट बाजूसारखीच दिसते. येवल्याच्या व पैठणच्या या कसबाला २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मावळांतल्या बहुतेक घरीं पैठणी ऐकून माहीत होती, इतकेंच.

मग घाटाची वाट बदलली. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ सालीं आगगाडी घाट चढली. मधल्या काळांत, १८५६ मध्यें, मुंबईची पहिली कापड गिरणी चालूं झाली होती. १८७७ सालीं सोलापुरांतहि गिरणी निघाली. गिरण्यांनीं हातमाग बुडविला, असें सरसकट विधान करण्याची पद्धति आहे. लुगड्यापुरतें तें पुरतें खरें नाहीं. साधें पांढरें कापड गिरणीनें हिसकावून घेतलें. पण रंगीत ताणा, निराळे कांठ, जोडलेला पदर या खटाटोपांत गिरणीला नफा दिसेना. बायकांच्या चोखंदळपणानें पुरुषांचे माग जगविले, असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें १९०४ सालीं इचलकरंजींत जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या उत्तेजनानें विठ्ठलराव दातार यांनीं यंत्रमाग आणला, आणि तेथें स्वस्त नऊवारी भराभर निघूं लागली. मावळच्या बाजारांत बोहारणीपासून वाण्यापर्यंत सर्वांना परवडणारें लुगडें आलें. मागावरचा हात मात्र एका धक्क्यानें हलका झाला.

विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शहरांत पांचवारी गोल साडी रूढ झाली. शाळा, कचेरी, बसगाडी यांना ती सोईची; तिला कापड जवळजवळ निम्मेंच लागतें. ती अधिक सुटसुटीत, हें मात्र अर्धेंच खरें. बांकावर बसणारीला ती सुटसुटीत. चिखलांत उभ्या असलेलीला नव्हे. म्हणूनच खेड्यांत नऊवारी आणखी एक-दोन पिढ्या टिकली. १९७२ च्या सुमारास पवनेचें धरण झालें आणि नदीकांठचीं उत्तम भातखाचरें पाण्याखालीं गेलीं. ज्या कामासाठीं कासोटा होता, तें कामच पुष्कळ घरांतून उठलें. आज जलाशयाच्या कांठीं सहलीवाल्यांचे तंबू असतात, आणि नऊवारी दिसते ती लग्नांत व मिरवणुकींत, तीहि बहुधा शिंप्यानें कासोट्यासकट शिवून दिलेली. ती पायजम्यासारखी पायांत चढवितात. ती दिसते छान. पण नेसण्याची विद्या तींत शिंप्याच्या यंत्राकडे गेली आहे, आणि आजीच्या हातांतून नातीच्या हातांत यावयाचें तें मधेंच थांबलें आहे.

जुन्या लुगड्याचें आयुष्य फाटल्यावर संपत नसे. मधला झिजलेला भाग काढून दोन्ही तुकडे शिवीत. त्याला दंड घालणें म्हणत. दंडाचेंहि धडुतें झालें कीं त्याची गोधडी. अठरा हातांच्या सुती वस्त्राला घड्या पुष्कळ पडतात, आणि धुऊन धुऊन तें इतकें मऊ झालेलें असतें कीं तान्ह्या मुलाला तेंच अंथरावें. मावळच्या थंडींत आजहि ट्रंकेच्या तळाशीं ठेवलेल्या अशा गोधड्या बाहेर निघतात. वरचा रंग उडालेला असतो. पण कडेला कोठेंतरी इरकली कांठाची तांबडी पट्टी टांक्यांखालीं अजून दिसते.