‘सहासष्ट कुळां’ची आख्यायिका आणि वंशशोधनाची विनामूल्य साधने : माकुणसार परिसराच्या संदर्भात

उत्तर कोकणातील माकुणसार, केळवे-माहीम या पट्ट्यातील वाडवळ समाजात, आपले मूळपुरुष बिंब राजासमवेत आलेल्या ६६ कुळांपैकी होत, अशी समजूत रूढ आहे. एखाद्या घराण्यापुरती ही समजूत तपासावयाची झाल्यास विनामूल्य साधने कोठवर उपयोगी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिली अडचण स्थलनामाची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरात हाच मुलूख ‘माहीम’ तालुका म्हणून येतो. त्यातच बखरीतील महिकावती म्हणजे मुंबईचे माहीम, असे सामान्यतः मानले जाते. त्यामुळे ‘आमचे पूर्वज माहीमास उतरले’ या वाक्यातील माहीम कोणते, हेच प्रथम ठरवावे लागते. आडनावेही फसवी आहेत. पाटील हे मुळात पदनाम असल्याने नामसाम्यावरून नाते जोडता येत नाही.

गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी सहसा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापलीकडे जात नाहीत. फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर पंड्यांच्या वह्यांच्या प्रतिमा आहेत. परंतु त्यांचा भर हरिद्वार, कुरुक्षेत्र अशा उत्तरेकडील क्षेत्रांवर आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळ्या आपल्याला अधिक जवळच्या. त्या पाहावयास प्रत्यक्ष जावे लागते, आणि ‘विनामूल्य’ या शब्दास तेथे दक्षिणेची मर्यादा पडते. सिमाँव बोतेल्यूच्या १५५४ च्या पोर्तुगीज महसूलपत्रकात वसई प्रांताचा वसूल सापडतो. कुटुंबांच्या वंशावळी नव्हेत.

राहता राहिली ‘महिकावतीची बखर’. ती राजवाड्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली व आज महाजालावर कोणासही वाचता येते. तिच्यातील जुना भाग केशवाचार्यांनी शके १३७० मध्ये, म्हणजे १४४८ मध्ये रचला. प्रतापबिंबाचे आगमन मात्र ती शके १०६० मध्ये सांगते. घटना आणि लेखन यांत ३१० वर्षांचे अंतर पडते. शिवाय देवगिरीहून आलेला बिंबदेव शतकदीड शतकाने नंतरचा. घरगुती कथेत हे दोन्ही बिंब एकच होऊन जातात. ‘महाराष्ट्र धर्म’ जागविण्यासाठी लिहिलेल्या या ग्रंथाकडून आजच्या घराण्याच्या अखंड वंशावळीची अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे.

खरा धोका याहून सूक्ष्म आहे. आजोबांच्या वहीतील कथा बखरीशी जुळते, म्हणून ती खरी, असा निष्कर्ष आपण उत्साहाने काढतो. पण ती वही १९२४ नंतरची असेल, तर तिचा आधार मुद्रित बखर हाच असू शकतो. मग साक्षीदार दोन नसून एकच उरतो, आणि तो स्वतःचीच साक्ष देत असतो. शेजारच्या पाड्यावरील वारली कुटुंबाजवळ बखर नसते. म्हणून त्याचा वास कमी जुना ठरत नाही, याचाही येथे विसर पडतो.

म्हणून घरातील वंशावळ हाती येताच नावे उतरवून घेण्यापूर्वी तिचा काळ ठरवावा : लिपी मोडी की बाळबोध, कागद हातबनावटीचा की कारखान्याचा, सन शकाचा की इसवीचा. नंतर १९२४ पूर्वीचे एखादे खरेदीखत वा तीर्थावरील नोंद शोधावी, आणि तीत कुलदैवत व मूळ गाव काय लिहिले आहे, ते वहीशी ताडून पाहावे. ‘सहासष्ट’ हा आकडा त्या कागदात नसला, तरी तो कागद टाकाऊ समजू नये.