पस्तीस वर्षांची बाटली : १९७६ चा निकाल आणि २००६ ची संध्याकाळ

२४ मे २००६. लंडनमध्ये संध्याकाळ झाली होती. ‘बेरी ब्रदर्स अँड रड’ या १६९८ पासून चालत आलेल्या मद्यव्यापारी पेढीत नऊ परीक्षक लाल वाइनच्या दहा प्याल्यांसमोर बसले होते. घड्याळाने आठ तास मागे असलेल्या कॅलिफोर्नियात त्या वेळी सकाळ होती आणि नापा शहरातील ‘कोपिया’ या केंद्रात आणखी नऊ परीक्षक त्याच दहा वाइन चाखत होते. चार वाइन फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातील, सहा कॅलिफोर्नियातील. सर्वांत अलीकडची १९७३ ची, सर्वांत जुनी १९६९ ची. कोणत्या प्याल्यात कोणती वाइन आहे, हे परीक्षकांपासून लपवलेले होते.

बरोबर ३० वर्षांपूर्वी, त्याच तारखेस, याच दहा वाइनचा एक निकाल पॅरिसमध्ये लागला होता. तो निकाल पुष्कळांना ठाऊक असतो. त्यावर चित्रपटही निघाला. परंतु त्या निकालाविरुद्ध फ्रान्सने घेतलेला आक्षेप आणि त्या आक्षेपाचे पुढे काय झाले, ही गोष्ट मागे पडते. ऐतिहासिक दृष्ट्या तीच अधिक मोलाची आहे.

प्रथम पार्श्वभूमी. १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी बोर्दोच्या दलालांनी तेथील लाल वाइनची पाच श्रेणींची यादी तयार केली. निकष होता मुख्यतः बाजारभावाचा. व्यापाऱ्यांनी प्रदर्शनापुरती केलेली ही यादी पुढे जवळजवळ वतनाच्या सनदेसारखी झाली. पहिल्या श्रेणीत चार नावे होती : लाफित, लातूर, मार्गो आणि ऑ-ब्रियों. (या लातूरचा मराठवाड्याशी काही संबंध नाही!) त्या श्रेणीत पुढील शंभरांहून अधिक वर्षांत एकच बदल झाला. १९७३ मध्ये मूतों-रॉथशिल्डला बढती मिळाली. त्या वेळचे कृषिमंत्री होते जाक शिराक, जे नंतर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले.

अमेरिकेची कथा याच्या अगदी उलट. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात कॅलिफोर्नियातील बहुसंख्य वाइनरी बंद पडल्या. जे मळे टिकले त्यांतील अनेकांनी उत्तम वाण उपटून जाड सालीची, रेल्वेने दूर पाठवता येतील अशी द्राक्षे लावली, कारण घरगुती वापरासाठी द्राक्षे विकण्यास मुभा होती. कायदा गेला तरी कसब परत यायला एक पिढी लागली. १९६० च्या दशकापासून नापा खोऱ्यात आणि आसपासच्या डोंगरांत नवी माणसे आली. वॉरन विनियार्स्की हे शिकागो विद्यापीठातील अध्यापन सोडून आलेले. पॉल ड्रेपर हे तत्त्वज्ञानाचे पदवीधर. आणि ड्रेपर ज्या ‘रिज’ वाइनरीत रुजू झाले, ती स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी मिळून घेतलेली. कुलपरंपरा कोणाकडेच नव्हती.

मात्र ‘जुने जग विरुद्ध नवे जग’ अशी सरळ रेघ येथे ओढता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षवेली मुळांपासून खाल्ल्या. ही कीड अमेरिकेतून आलेली. उपायही तेथूनच आला. अमेरिकी वेलींची मुळे किडीला दाद देत नसल्याने त्या खुंटांवर फ्रेंच वाणांची कलमे बांधण्यात आली. म्हणजे बोर्दोची थोर घराणी तेव्हापासून अमेरिकी मुळांवरच उभी आहेत. (नाशिक-सांगलीकडील बागायतदार ज्या ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करतात, तोही मूळचा अमेरिकेचाच.) ऑ-ब्रियोंची मालकी १९३५ पासून डिलन या अमेरिकी कुटुंबाकडे होती, तर नापातील ‘क्लो द्यू व्हाल’ची वाइन करणारे बर्नार पोर्ते हे फ्रेंच, आणि त्यांचे वडील लाफितच्या सेवेत होते.

आता १९७६. पॅरिसमध्ये वाइनचे दुकान आणि वाइनची शाळा चालवणारे इंग्रज व्यापारी स्टीव्हन स्परियर आणि त्यांच्या अमेरिकी सहकारी पॅट्रिशिया गॅलेघर यांनी अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे निमित्त साधून एक आस्वादसत्र योजले. परीक्षक फ्रान्समधील नऊ मातब्बर : नामवंत उपाहारगृहांचे मालक, वाइनविषयक नियतकालिकाच्या संपादिका, सरकारी नामांकन संस्थेचे महानिरीक्षक, खुद्द वाइन-उत्पादक. प्रत्येक वाइनला वीसपैकी गुण द्यायचे होते. कॅलिफोर्निया जिंकेल अशी स्परियर यांचीही अपेक्षा नव्हती. त्यांचा सारा व्यवसायच फ्रेंच वाइनवर चालत असे.

प्रथम पांढऱ्या वाइन झाल्या आणि त्यांचा निकाल लाल वाइनच्या आधीच जाहीर झाला : पहिली कॅलिफोर्नियाची ‘शातो मोंतेलेना’. त्यामुळे लाल वाइन चाखताना परीक्षक सावध झाले असणार, हे उघड आहे. तरीही लाल गटात विनियार्स्कींची ‘स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स’ १९७३ पहिली आली. अवघी तीन वर्षांची वाइन, तीही कोवळ्या वेलींची. मूतों-रॉथशिल्ड १९७० थोडक्यात मागे राहिली. निकाल कळल्यावर परीक्षक ओदेत कान यांनी आपल्या गुणपत्रिका परत मागितल्या. स्परियर यांनी त्या दिल्या नाहीत.

साधनांच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या दालनात एकच पत्रकार होता : ‘टाइम’ साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर. बाकीच्यांना ही बातमी वाटलीच नव्हती. फ्रेंच वृत्तपत्रांनी आरंभी तिची दखलही घेतली नाही. ग्रीक पुराणातील पॅरिस नावाच्या राजपुत्राने तीन देवींमध्ये केलेल्या निवाड्याची आठवण देणारा मथळा ‘टाइम’च्या त्या छोट्या वृत्तान्ताला मिळाला आणि घटनेला तेच नाव चिकटले : ‘पॅरिसचा निवाडा’. टेबर त्या दिवशी घरी बसले असते, तर हा प्रसंग बहुधा व्यापारी वर्तुळातील एक आख्यायिका होऊन राहिला असता.

फ्रान्सचा आक्षेप केवळ रडीचा डाव नव्हता. संख्येबाबतची तक्रार रास्तच होती : सहास चार असे प्रमाण कोणत्याही सांख्यिकीच्या विद्यार्थ्याला खटकेल. परंतु मुख्य मुद्दा काळाचा होता. बोर्दोची वाइन सहाव्या वर्षी पिण्यासाठी केलेलीच नसते, असे फ्रेंचांचे म्हणणे. कॅलिफोर्नियाच्या उन्हात पिकलेले फळ लवकर मोहवते आणि लवकर ओसरते. वीस-तीस वर्षांनी पाहा.

या म्हणण्यामागे रसायनशास्त्र आहे. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन उतरते. सुपारी चघळताना जिभेला जसा आवळलेपणा जाणवतो, तसा तुरटपणा त्यामुळे येतो. बाटलीत वर्षानुवर्षे टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, मोठे होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणा मऊ होतो, जांभळा रंग विटकरीकडे झुकतो, ताज्या फळाच्या गंधाजागी तंबाखू, चामडे, देवदाराचे लाकूड असे गंध येतात. मात्र हे मुळात आम्लता, टॅनिन आणि फळ यांचा तोल असेल तरच घडते. तोल नसेल तर टॅनिन मऊ होईपर्यंत फळ संपून जाते आणि बाटलीत नुसता आंबट पोकळपणा उरतो. तेव्हा फ्रान्सचा दावा खरा की खोटा, हे कोणत्याही वादविवादाने ठरणार नव्हते. त्यासाठी थांबणे भाग होते.

मधल्या काळात काही चाचण्या झाल्या. १९७८ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत पहिले तिन्ही क्रमांक कॅलिफोर्नियाला गेले, पण ते घरचे मैदान होते. १९८६ मध्ये न्यूयॉर्कला क्लो द्यू व्हाल पहिली आणि रिजची ‘मोंटे बेलो’ दुसरी आली. त्याच वर्षी एका अमेरिकी नियतकालिकाने घेतलेल्या चाचणीत ‘हाइट्झ’ पहिली आणि ‘मायाकामास’ दुसरी. दर वेळी पहिला क्रमांक बदलत होता. पहिल्या क्रमांकाचा प्रदेश बदलत नव्हता.

आणि मग २००६. लंडनच्या परीक्षकांत मायकेल ब्रॉडबेंट, ह्यू जॉन्सन, जॅन्सिस रॉबिन्सन अशी बोर्दोवर आयुष्य घालवलेली माणसे होती. मिशेल दोवाझ हे तर १९७६ च्या मूळ नऊंपैकी एक. मूळ नऊंतील दुसरे, क्रिस्तियाँ व्हान्के, नापात बसले होते. दोन्हीकडची गुणसंख्या एकत्र केली तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे निघाले. पहिली रिज मोंटे बेलो १९७१, १३७ गुण. दुसरी स्टॅग्ज लीप, ११९. मायाकामास आणि हाइट्झ प्रत्येकी ११२ गुणांनी तिसऱ्या स्थानी. पाचवी क्लो द्यू व्हाल, १०६. सहावी मूतों-रॉथशिल्ड, १०५.

हा निकाल १९७६ च्या शेजारी ठेवून वाचला पाहिजे. तेव्हा रिज पाचवी होती, हाइट्झ सातवी, क्लो द्यू व्हाल आठवी, मायाकामास नववी. त्यांतील रिज आणि मायाकामास या डोंगरावरच्या मळ्यांच्या, तरुणपणी कठोर आणि मिटलेल्या वाइन. म्हणजे १९७६ ची परीक्षा फार लवकर घेतली गेली, हा फ्रेंचांचा आक्षेप तत्त्वतः अचूक होता. चूक झाली ती लाभार्थी ओळखण्यात. त्या घाईने ज्यांचे खरे नुकसान झाले, त्या वाइन कॅलिफोर्नियाच्या होत्या. फ्रान्सने काळाला साक्षीस बोलावले आणि काळाने विरुद्ध पक्षाची साक्ष दिली.

याचा अर्थ बोर्दो हरले, असा काढणे मात्र उथळपणाचे ठरेल. ‘पहिले पाचही’ हे ठळक वाक्य शेवटी १०६ आणि १०५ मधील एका गुणावर उभे आहे. एखाद्या परीक्षकाचे मत किंचित इकडचे तिकडे झाले असते तर मूतों पाचवी असती. पस्तीस वर्षांची बाटली ही एका अर्थी एकटीच असते : बूच कसे होते, तळघर किती थंड होते, ती किती हातांतून फिरली, यावर तिची चव ठरते. शिवाय चार बाटल्यांवरून शेकडो शातोंच्या प्रांताचे मूल्यमापन होत नाही. सिद्ध झाले ते एवढेच, की दीर्घायुष्य ही एका प्रांताची वंशपरंपरागत मिरास नाही. आणि अडीचशे रुपयांचे पुस्तक असो वा अडीच हजारांचे, त्यातील ‘कॅलिफोर्नियाची वाइन टिकत नाही’ हे वाक्य २००६ नंतर तसेच छापणे लेखकाला अवघड झाले.

दहाव्या क्रमांकाबाबत मात्र पॅरिस, लंडन आणि नापा यांच्या एकत्रित निकालांत मतभेद झाला नाही. १९७६ मध्ये शेवटची आलेली ‘फ्रीमार्क ॲबी’ २००६ मध्येही ५९ गुणांनी शेवटचीच आली, आणि ती नापा खोऱ्यातीलच आहे.