पोराला पाठवायचं का?

आमच्या हिंगोलीकडे एखादं पोर धावण्यात जिल्ह्यात पहिलं आलं, की घरात आनंद आणि काळजी एकदमच शिरतात. प्रबोधिनीत पाठवायचं, की आधी दहावी होऊ द्यायची? निवृत्त झालो तरी पालक अजून मला विचारतात. मी त्यांना दोन हकिगती सांगतो.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजातले त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले!

महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं ते आणलं. त्याचे वडील शिक्षक. २००९ साली त्यांनी पोराला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं, तेव्हा तो नेमबाज नव्हताच. खेळ ठरला वर्षभरानंतर! चौदा वर्षांचं पोर घरापासून दूर, आणि खेळ कोणता तेही ठाऊक नाही. (शिक्षकाच्या पगारात काय भागतं, ते मला कुणी सांगायला नको.) २०१५ साली त्याला रेल्वेत नोकरी लागली. पदक त्यानंतर नऊ वर्षांनी.

म्हणून मी पालकांना पदकाचं विचारतच नाही. विचारतो, पोराला पाठवल्यावर हळदीचा भाव पडला, तर त्याला परत बोलावणार का? यावर बाप गप्प बसतो. उत्तर बहुधा आई देते.